लेव्हल वाढली, माणूस तोच
व्हिडीओ गेम, कार्टून आणि मंगा रचू पाहणाऱ्या नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका (आंबेनळी आवृत्ती)

ही मार्गदर्शिका कोणासाठी

आपण गेम काढणार, कार्टून काढणार किंवा मंगा लिहिणार असं ज्यांनी घरी जाहीर केलं आहे आणि "आधी बारावी तर हो" असं उत्तर ज्यांना मिळालं आहे, त्यांच्यासाठी. महाड-पोलादपूरकरांना प्राधान्य. शिमग्याला आणि गणपतीला मुंबईहून येणारी, जपानी मालिका मूळ भाषेत बघणारी आणि इथल्या चुलतभावंडांना "तुम्ही अजून डोरेमॉनच बघता?" असं विचारणारी मंडळीही चालतील. त्यांनी मागे बसावं.

साहित्य: दोनशे पानी वही, शिसपेन्सिल, दोन खोडरबर, मोबाईल. चार्जिंग ज्याचं त्याने बघावं. घाटात रेंज नसते ही सबब ऐकून घेतली जाणार नाही. रेंज आली की माणूस दुसऱ्यांच्या गोष्टी बघत बसतो आणि स्वतःची वही तशीच राहते.

आंबेनळी आवृत्ती काढण्याचं कारण अगदी व्यावहारिक आहे. पोलादपूरहून महाबळेश्वरला चढणारा हा चाळीसेक किलोमीटरचा घाट. त्याच्या वरच्या अंगाला प्रतापगड. खाली पोलादपुरात कवींद्र परमानंदांची समाधी. तालुक्यातच उमरठ, तानाजी मालुसऱ्यांचं गाव. सावित्रीच्या काठाने पुढे गेलं की महाड आणि चवदार तळं. इतकं कथानक एसटीच्या टप्प्यात असताना इथली पोरं गोष्ट कुठून आणायची म्हणून टोकियोकडे बघतात. टोकियोलाही जाऊ, पण आधी पोलादपूर स्टँडवरून सुटू.

पायरी १ : नायकाला पोरका करा

नायकाचे आईवडील पहिल्या पाच पानांत संपवावेत. यामागे शास्त्र आहे. आई हयात असेल तर नायक दुसऱ्या पानावर जेवायला घरी जातो, तिसऱ्या पानावर त्याला अंघोळीला पिटाळलं जातं आणि राक्षस बिचारा वेशीवर ताटकळत राहतो. नारुतो पोरका आहे. गोकू एका म्हाताऱ्याला रानात सापडला. 'वन पीस'मधल्या लुफीला बाप आहे, पण तो कधी घरी नसतो.

हा उपाय रक्तपाती वाटत असेल तर भा. रा. भागवतांचा वापरावा. त्यांनी एकाही पालकाला इजा न करता काम भागवलं: फास्टर फेणेला फुरसुंगीहून उचलून पुण्याच्या विद्याभवनात बोर्डिंगला टाकला. आपल्या भागात तर तेवढंही करायला नको. बाप मुंबईला, पोर आजीपाशी, ही इथली जुनी वहिवाट. नायक आयता तयार आहे. फक्त आजीला गोष्टीतून बाहेर काढण्याचा प्रयत्न करू नये. ती निघत नाही.

पायरी २ : केस

मंगाची पानं काळीपांढरी आणि चेहरे साधारण सारखेच, म्हणून पात्र ओळखायचं केसांवरून. केस हवेत उभे असले की नायक, डोळ्यांवर आले की दुःखी नायक, पांढरे झाले की गुरू. 'ड्रॅगन बॉल'मधल्या गोकूचं सामर्थ्य वाढल्यावर त्याचे काळे केस सोनेरी होतात. त्यात तत्त्वज्ञान शोधणाऱ्यांनी अकिरा तोरियामा काय सांगून गेले ते ऐकावं: काळे केस शाईने भरण्यात साहाय्यकाचा वेळ फार जायचा, केस कोरे ठेवले की तो वाचतो. कलेतले कितीतरी साक्षात्कार असे शाईच्या बाटलीतून आलेले असतात.

पायरी ३ : पात्राचा विकास करा, म्हणजे आकडा वाढवा

ही पायरी सर्वांत सोपी, आणि पुढच्या सगळ्या घोटाळ्याचं मूळ हीच.

१९७४ मध्ये अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा टेबलावर बसून खेळायचा खेळ निघाला. राक्षस मारला की अनुभवाचे गुण, गुण साठले की लेव्हल. १९८६ मध्ये 'ड्रॅगन क्वेस्ट'ने तीच रीत जपानच्या घराघरांतल्या टीव्हीवर नेली. तेव्हापासून अनुभव मोजता येतो असं जगभरच्या मुलांना वाटतं. चिखलाचा मऊ गोळा मारला की अनुभव एक. असे पुष्कळ गोळे मारले की माणूस शहाणा. आपल्याकडे पंचवीस वर्षं लावणी, बेणणी, झोडणी करणाऱ्या माणसाच्या डोक्यावर आकडा कधी उमटलेला दिसला नाही, पण तो दोष त्याच्या शेतीत असावा.

तर नवशिक्याने नायकाच्या डोक्यावर आकडा लावावा आणि तो प्रकरणागणिक वाढवावा. पहिल्या प्रकरणात तो दगड फोडतो, दहाव्यात डोंगर, पन्नासाव्यात ग्रह. यात एक अडचण येते. नायकाने एकदा ग्रह फोडला की पुढच्या खलनायकाला त्याहून मोठं काहीतरी फोडावं लागतं. लेखक मग ग्रहांच्या शोधात निघतो आणि माणसं मागच्या प्रकरणात राहून जातात.

उलट टोक कार्टूनचं. शिनचॅन १९९० पासून पाच वर्षांचा आहे. 'सकाळ'मधला चिंटू १९९१ मध्ये अवतरला. प्रभाकर वाडेकर आणि चारुहास पंडित यांनी त्याला वर्षानुवर्षं तसाच शाळेत ठेवला, पप्पू, मिनी, बगळ्या यांच्यासकट. जोशीकाकूंच्या कैऱ्या दर वर्षी नव्याने चोरीला गेल्या. पोकेमॉनवाला ॲश दहा वर्षांचा म्हणून घरून निघाला आणि पंचवीस वर्षं फिरला, तरी त्याला अकरावं लागलं नाही. यामागे हिशेब आहे. चॅनेलवाले कोणताही भाग कोणत्याही दिवशी लावणार, आजचं पोर मधूनच बघायला बसणार, तेव्हा काल काही घडून गेलेलं परवडत नाही. रोज संध्याकाळी पाटी कोरी. नोबिताचा पेपर कायम शून्याचा.

पण त्याच नोबिताचं एक प्रकरण आहे आणि ते या मार्गदर्शिकेच्या प्रत्येक वाचकाने पाहिलं पाहिजे. १९७४ मध्ये फुजिको फुजिओंनी डोरेमॉनची गोष्ट संपवायची म्हणून एक भाग लिहिला. डोरेमॉनला भविष्यकाळात परत जायचं आहे, पण आपल्यामागे या पोराचं कसं होणार या काळजीने त्याचा पाय निघत नाही. त्या रात्री नोबिताची गाठ जियानशी पडते. खिशातलं यंत्र नाही, हाकेला डोरेमॉन नाही. नोबिता मार खातो, पडतो, उठतो, पुन्हा धरतो. शेवटी जियानच वैतागतो आणि तुझं खरं म्हणून निघून जातो. नोबिता जिंकला का? त्याची ताकद तसूभर वाढलेली नाही. एकही गुण जमा झाला नाही. त्याने फक्त एक गोष्ट ठरवली: मित्राला निश्चिंत मनाने जाता आलं पाहिजे, आणि त्यासाठी पडेल तेवढा मार खायचा. पन्नास वर्षं झाली, मोठी माणसं अजून हा भाग बघून डोळे पुसतात. ग्रह फोडणाऱ्यांच्या नशिबी हे क्वचितच येतं.

पुढच्याच महिन्यात डोरेमॉन परत आला, नोबिताचा पेपर पुन्हा शून्याचा. मासिकाला गोष्ट हवी होती. पात्राच्या विकासाला छपाईची तारीख असते, हेही वहीत लिहून ठेवावं.

पायरी ४

दरड आल्यामुळे ही पायरी बंद आहे. अवजड पात्रांनी ताम्हिणीमार्गे जावं. वरंध घाटाने जाऊ पाहणाऱ्यांनी आधी चौकशी करावी.

पायरी ५ : नायक निर्भय, खलनायक बावळट

प्रचलित पद्धत अशी. नायकाला भीती माहीत नसते. खलनायक अवाढव्य असतो आणि अक्कल त्याच्या आकाराच्या व्यस्त प्रमाणात असते. शेवटी तो नायकाला खांबाला बांधतो, आपली सगळी योजना तोंडी समजावून सांगतो, आणि तेवढ्या वेळात नायक गाठ सोडवतो. ही पद्धत खुशाल वापरा. फक्त प्रतापगडाच्या पायथ्याशी उभं राहून वापरू नका. गडालाही हसू येईल.

तिथली गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, म्हणजे तिचा शेवटचा मिनिट पाठ आहे. शिवाजी महाराज आणि अफजलखान यांची भेट: शामियाना, मिठी, वाघनखं. शाळेच्या गॅदरिंगमध्ये हा एवढाच भाग होतो आणि दाढी सुटून पडली तरी टाळ्या मिळतात. कथानक मात्र त्या मिनिटाच्या आधी रचलेलं आहे.

अफजलखान बावळट नव्हता. विजापूर दरबारचा मुरलेला सेनापती, शिवाय पूर्वी वाईचा सुभेदार राहिलेला. म्हणजे हा मुलूख त्याच्या ओळखीचा. वाईत तळ देऊन तो बसला असता तर मोठी फौज आणि उघडं मैदान, दोन्ही त्याच्या बाजूची. त्याला तिथून हलवून जावळीच्या रानात आणायचं होतं, जिथे घोडे अडखळतात, तोफा वळत नाहीत आणि दहा हातांवरचा माणूस दिसत नाही. तेही त्याच्या स्वतःच्या इच्छेने. गेम रचणारे ज्याला लेव्हल डिझाइन म्हणतात ते १६५९ च्या पावसाळ्यानंतर इथे चाललं होतं. इतिहासकार सांगतात की रडतोंडीच्या घाटाने पारपर्यंत रान तोडून वाट मोकळी केली होती आणि बाकीच्या वाटा बंद केल्या होत्या. वाटेत रसद, सोयी, आदरातिथ्य. एकच वाट उघडी ठेवायची आणि चालणाऱ्याला वाटलं पाहिजे की ही मी निवडली, ही युक्ती आजचे गेमवालेही वापरतात, फक्त ते झाडांऐवजी न उघडणारी दारं काढतात.

आणि आमिष कोणतं? भीती. खानाचे वकील कृष्णाजी भास्कर आले, इकडून पंताजी गोपीनाथ गेले. निरोपाचा आशय असा, की आपण धास्तावलो आहोत, वाईस यायची छाती होत नाही, खानसाहेबांनीच जावळीस येऊन अभय द्यावं. पोस्टरांवर जी गोष्ट सहसा दिसणार नाही, तिच्यावर सगळं कथानक उभं आहे: नायक घाबरला आहे असं सगळीकडे पसरू देतो. खान फसला तो अक्कल नव्हती म्हणून नाही. आपल्या दबदब्याबद्दल त्याची जी समजूत होती तीच त्याला परत ऐकवली गेली. चांगल्या खलनायकाला त्याच्या गुणावर पकडावं, त्याच्या मूर्खपणावर नाही.

आता त्या भीतीत सोंग किती आणि खरी किती, हे बघा. कारभारी मंडळींनी सलूख करावा असा सल्ला दिल्याचं बखर सांगते. आपलं बरंवाईट झालं तर मागे राज्य कसं चालवायचं याची व्यवस्था लावूनच महाराज भेटीला उतरले, असंही परंपरा सांगते. आणि एक तारीख आहे, जी कोणत्याही कॉमिकच्या मुखपृष्ठावर पाहिल्याचं आठवत नाही: ५ सप्टेंबर १६५९. त्या दिवशी राजगडावर महाराजांच्या पत्नी सईबाई वारल्या. संभाजीराजे सव्वादोन वर्षांचे होते. भेट १० नोव्हेंबरची. मधले दोन महिने वकिलांची ये-जा, रानतोड, शामियान्याची सजावट, आणि घरात आईवेगळं पोर. एकोणतीस वर्षांच्या त्या माणसाने पागोट्याखाली जिरेटोप घातला, अंगरख्याखाली चिलखत. हे दोन्ही निर्भय माणूस घालत नाही. नवशिक्याने चित्र काढायचंच असेल तर चिलखताचे बंद बांधतानाचे हात काढावेत. वाघनखं काढायला सगळे आहेत. २०२४ मध्ये लंडनच्या संग्रहालयातली वाघनखं साताऱ्याला आली तेव्हा वर्तमानपत्रांची पानं भरली. पंताजी गोपीनाथांची दौत आली असती तर आतल्या पानावर दोन ओळी मिळाल्या असत्या की नाही, शंका आहे. आणि अर्धी लढाई त्या दौतीने मारली होती.

इथे हमखास विचारला जाणारा प्रश्न: "मग मी प्रतापगडावर गेम काढू का? खेळाडूच्या हाती महाराज देऊ का?"

देऊ नका. कारण तांत्रिक आहे. गेममध्ये खेळाडू हरतो, चाळीस वेळा हरतो, 'पुन्हा खेळा' दाबतो. महाराजांना शामियान्यात चाळीस वेळा पाडणारा गेम महाराष्ट्रात काढायचा तर कोडिंग शिकण्याआधी वकील गाठावा लागेल. आणि ज्याला हरताच येत नाही अशा नायकाचा गेम कोणी दहा मिनिटांवर खेळत नाही. तेव्हा खेळाडूला दुसरं कोणीतरी करा. रान तोडणाऱ्या टोळीचा म्होरक्या करा: कोणती वाट ठेवायची, कोणती बुजवायची, खानाचे हेर आले तर काय सांगायचं, आणि रात्रीत किती झाडं पडतात. किंवा पारघाटाच्या झाडीत दबा धरून बसलेला मावळा करा, ज्याला फक्त गडावरच्या तोफेच्या इशाऱ्याची वाट बघायची आहे. तो खोकला तर संपलं. खोकू न देणं हा केवढा मोठा खेळ आहे हे धुक्यात, गारठ्यात बसल्याशिवाय कळणार नाही. वाडा कुंभरोशीला नोव्हेंबरात पहाटे उभं राहून बघा.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये 'राजी' नावाचा गेम काढला, तो या बाबतीत पाहण्यासारखा आहे. देव-दानवांचं युद्ध चालू आहे, पण खेळाडूच्या हाती ना विष्णू ना दुर्गा. ते दोघं वरून बघतात आणि गोष्ट सांगतात. खेळाडू होतो राजी, एक साधी मुलगी, जिचा धाकटा भाऊ राक्षसांनी पळवला आहे. देव निवेदक आणि बहीण नायिका, ही वाटणी शहाणपणाची. देव पडला तर अवघड होतं. बहीण पडते, उठते, पुन्हा धावते.

पायरी ६ : दुय्यम कामगिऱ्या द्या

मोठ्या गेममध्ये मुख्य कामगिरी एक आणि दुय्यम शंभर. जग तीन दिवसांत बुडणार असतं, आणि नायक तळ्याकाठी मासे धरत बसतो, पत्ते खेळतो, कुणाच्या हरवलेल्या कोंबड्या शोधून देतो. जगही समजूतदार, त्याचं होईपर्यंत थांबतं. नवशिक्यांनी ही सोय जरूर ठेवावी, खेळाचे तास वाढतात आणि डब्यावर आकडा मोठा छापता येतो.

उमरठच्या माणसाने मात्र नियम उलटा केला. तानाजीच्या घरी मुलाचं, रायबाचं लग्न निघालेलं. आमंत्रण द्यायला गेला आणि कोंढाण्याची कामगिरी घेऊन निघाला, लग्न बाजूला ठेवून. दुय्यम कामगिरी सोडून मुख्य कामगिरीकडे धावलेला नायक गेमच्या दुनियेत सापडायचा नाही. आणि इथे रायबाचं लग्न काढून टाका, काय उरतं? एक शूर सरदार गड चढतो आणि पडतो. असे बरेच आहेत. लग्न आहे म्हणून तानाजी आहे. ज्याच्याकडे सोडून जाण्यासारखं काही नाही तो कड्यावर चढला तर वाचकाच्या पोटात गोळा येत नाही.

त्याच रात्री, ४ फेब्रुवारी १६७० च्या, आणखी एक करामत आहे. तानाजी पडल्यावर मावळे कड्याकडे पळत सुटले, तर त्याचा भाऊ सूर्याजी याने दोर कापून टाकले होते. तुम्ही गेम खेळता तेव्हा शेवटच्या दाराशी एक पाटी येते: यापुढे मागे फिरता येणार नाही, राहिलेली कामं उरकून घ्या. खेळाडू मग परत जातो, औषधं भरतो, कोंबड्या शोधतो. सूर्याजीने पाटी लावली नाही. सहकलाकाराला एवढा मोठा निर्णय देणं लेखकाच्या जिवावर येतं, कारण मग नायकाच्या मृत्यूनंतरही गोष्ट चालते आणि ती दुसऱ्याच्या हाती जाते. करून बघा. शेलारमामाही विसरू नका. म्हातारा योद्धा ठेवला की गोष्टीला वजन येतं, आणि जपान्यांनाही ते ठाऊक आहे.

राहता राहिली घोरपड. यशवंती घोरपडीला दोर बांधून गड चढल्याचं शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्यात येतं, आणि पिढ्यानपिढ्या पोरं विचारत आलीत की घोरपडीला माणसाचं वजन पेलतं का. पेलो न पेलो. शाहिराला समोरची बैठक सांभाळायची होती. जपानच्या 'शोनेन जंप' साप्ताहिकात वाचकांसाठी पोस्टकार्ड असतं, कोणती गोष्ट आवडली ते कळवायला. ज्या मंगाला मतं पडत नाहीत तिचा लवकरच गाशा गुंडाळला जातो. शाहिराचं पोस्टकार्ड समोरच मांडी घालून बसलेलं असे. डफ थंडावला, मागची माणसं उठायला लागली की घोरपड आणावी लागते. तुमच्या गोष्टीतही येईल. एक येऊ द्या. दुसरी आली तर हाकला.

प्रतिस्पर्ध्याबद्दल थोडं. खलनायक वेगळा आणि प्रतिस्पर्धी वेगळा. नारुतोला सासुके लागतो, तसा आपल्याकडच्या जाखडीत शक्तीवाल्यांना तुरेवाला लागतो. रात्रभर एकमेकांना कोड्यात अडकवायचं, पुराणातला दाखला काढून खाली बसवायचं, पहाटे एकाच चुलीवरचा चहा. समोरचा तगडा नसेल तर बुवाची तयारी दिसतच नाही. ज्यांना संवाद लिहिता येत नाहीत त्यांनी एक सबंध बारी जागून ऐकावी. झोप आली तर समजावं की सवाल फिका होता.

पायरी ७ : हाणामारी वाढवा

कळसाच्या प्रसंगी कमीत कमी चौदा पानं हाणामारी असावी, जमिनीला भेगा पडाव्यात, आणि "धडाम" हा शब्द दोन पानांवर मिळून यावा. असा नियम आहे. त्याची परीक्षा घ्यायला महाडला उतरावं.

२० मार्च १९२७. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा बोले ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ मध्येच झालेला, महाडच्या नगरपालिकेने तळं सर्वांना खुलं केल्याचा ठरावही झालेला. कागदावर सगळं मोकळं आणि प्रत्यक्षात काठावर पाऊल टाकायची सोय नाही. परिषद भरते, मिरवणूक निघते, शांतपणे तळ्यापर्यंत येते. बाबासाहेब आंबेडकर पायऱ्या उतरतात आणि ओंजळभर पाणी पितात. मागून हजारो माणसं पितात. कळस एवढाच. कोणी कोणाला मारलेलं नाही. दगड-काठ्या नंतर आल्या, त्या दुसऱ्या बाजूने. आता ही ओंजळ चित्रात काढून दाखवा. स्नायू नाहीत, तलवार नाही, तळवा आणि पाणी. तरीही वाचकाचा श्वास अडकायला हवा, आणि तो अडकतो, कारण आधीच्या पानांवर त्या पाण्यापासून माणसाला किती लांब ठेवलं होतं ते दाखवलेलं असतं. कळसाचं वजन कळसात नसतं. लेखकाने ते आधीच्या पानांत साठवायचं असतं, आणि तिथेच तो कंटाळतो.

हे चित्रात करून दाखवलेलं आहे. २०११ मध्ये आलेल्या 'भीमायन'मध्ये दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी बाबासाहेबांची गोष्ट काढली, त्यात महाड येतं. त्यांनी पानावर चौकोनी चौकटी आखल्याच नाहीत. माणसं खोक्यात कोंडायची नाहीत, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या भिंतीवरच्या दिग्ना नक्षीसारखी वळणं पानभर वाहतात आणि गोष्ट त्यांतून पुढे सरकते. बोलण्याचे फुगे तर बघतच राहावेत: मायेचं बोलणाऱ्याच्या तोंडून पक्ष्याच्या आकाराचा फुगा निघतो आणि विखारी बोलणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. पात्र कसं आहे हे सांगायला वेगळं वाक्य लागत नाही. नवशिक्याने आपल्या मंगातल्या पाच पात्रांचे फुगे शब्दांशिवाय काढावेत. पाचही गोल आले तर पात्र एकच आहे, नावं पाच आहेत.

आणखी एक. तळ्याची गोष्ट त्या दिवशी संपली नाही. डिसेंबरात पुन्हा परिषद, २५ तारखेला मनुस्मृतीचं दहन, मग कोर्टकचेरी, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल १९३७ मध्ये. ओंजळीनंतर दहा वर्षं. मंगात ही दहा वर्षं "काही काळानंतर" अशा एका चौकटीत बसतात. ज्याला ती दहा वर्षं वाचनीय करता येतील तो खरा लेखक. हाणामारी कोणीही काढतो.

पायरी ८ : शेवट

शेवटाचे चालू प्रकार तीन.

एक, शेवट करायचाच नाही. 'वन पीस' १९९७ पासून चालू आहे. पहिला भाग वाचलेली पोरं आता पालकसभेला जातात.

दोन, सुट्टीवर जायचं. 'हंटर हंटर' १९९८ मध्ये सुरू झाली. तिचे लेखक तोगाशी पाठीच्या दुखण्याने मधूनमधून वर्षानुवर्षं थांबतात, आणि वाचक वाट बघतात. मंगा काढणं म्हणजे आठवड्याला वीसेक पानं, वाकून. ज्या घरातून "नुसता बसून चित्रं काढतोस" असं ऐकू येतं, त्या घरात ही माहिती मोठ्याने वाचून दाखवावी.

तीन, लेखक गेला आणि गोष्ट राहिली. 'बर्सर्क'चे केन्तारो मिउरा मे २०२१ मध्ये वारले. त्यांच्या मनातला शेवट त्यांनी एका मित्राला सांगून ठेवला होता. त्या मित्राच्या देखरेखीखाली शिष्यांनी काम पुढे चालू ठेवलं.

तिसऱ्या प्रकाराचं स्थानिक उदाहरण स्टँडपासून फार लांब नाही. पोलादपुरात समाधी असलेले कवींद्र परमानंद यांनी संस्कृतात 'शिवभारत' रचायला घेतलं. अफजलखानाचं प्रकरण त्यांनी कितीतरी अध्याय पुरवून पुरवून लिहिलं आहे, वकील, वाटाघाटी, सैन्याची जमवाजमव, सगळं. म्हणजे शेवटच्या मिनिटापेक्षा आधीचे महिने मोलाचे हे त्यांना साडेतीनशे वर्षांपूर्वी कळलं होतं. ग्रंथ एकतीस अध्याय पुरा आहे. बत्तिसावा सुरू होतो आणि तुटतो. शृंगारपूरची मोहीम चाललेली, आणि पुढचं पान नाही. राज्याभिषेक नाही, आग्रा नाही. पुढे हा ग्रंथ तंजावरला सापडला, १९२७ मध्ये स. म. दिवेकरांनी तो छापून आणला. पाठीचं दुखणं, संपादकाशी भांडण, की वाचकांचं पोस्टकार्ड आलं नाही, यातलं नेमकं काय झालं याबद्दल समाधीवर काही लिहिलेलं नाही.

तेव्हा ज्यांना आपली गोष्ट सुचतच नाही त्यांच्यासाठी एक जागा मोकळी आहे. बत्तिसावा अध्याय तुटतो तिथून पुढे. अट एकच, संस्कृत अनुष्टुभात लिहावं लागेल. ज्यांनी आठवीत संस्कृत सोडून हिंदी घेतलं त्यांनी मंगा काढावी.